बारमाही जवान

देवळ्यापासून हरसूलपर्यंत अख्खा नाशिक जिल्हा धुंडाळलात तरी माझ्या जावयाइतका न वाकणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही. आणि अशा माणसाला न विचारता त्याच्या वतीने माघार घेऊन येणारी शहाणी सासूही दुसरी सापडायची नाही. चारशे रुपयांच्या मोबदल्यात मी माझ्या जावयाला वर्षातले दहा महिने साधा नागरिक करून आले होते. वर रिक्षातून परत येताना स्वतःवरच खूश होते, की बघा, दीड वर्षाचं भांडण आपण एका डब्यात मिटवलं! काय करणार, तेव्हा मी तरुण होते. बावन्न वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं की जगातलं कुठलंही भांडण रव्याच्या लाडवांनी मिटतं. आता सत्तरी ओलांडली, साखर बंद झाली, तेव्हा कुठे डोकं चालायला लागलंय.

पण आधी जावईबापूंची ओळख करून देते, नाहीतर म्हणाल, म्हातारी मधूनच सुरू झाली. जावईबापू अंबडच्या एका कारखान्यात फिटर. मूळ घर देवळ्याचं. कांद्याची शेती, ती थोरले भाऊ बघतात. आणि तिसरी गोष्ट, जी ते स्वतः नेहमी पहिली सांगतात, ती म्हणजे ते टेरिटोरियल आर्मीत. सरकारी मराठीत प्रादेशिक सेना. म्हणजे एरवी आपापली नोकरी करायची, वर्षातून दोन महिने गणवेश चढवून कॅम्पला जायचं, आणि मध्येच कधी बोलावणं आलं तर हातातलं काम तिथेच टाकून निघायचं. आता हे मी किती समजूतदारपणे सांगते आहे! पण कांदेपोह्यांच्या दिवशी मला यातलं अक्षरही माहीत नव्हतं. स्थळ आमच्या ह्यांनी आणलेलं. ‘मुलगा सैन्यात आहे’ एवढंच त्यांनी सांगितलं होतं, आणि मी आदल्या दिवसापासून मनातल्या मनात बर्फाचे डोंगर बघत होते.

‘‘पोस्टिंग कुठे असतं तुमचं?’’ मी पोह्यांची बशी पुढे करत विचारलं.

‘‘अंबडला.’’

‘‘अंबडला कुठलं सैन्य आलं?’’

‘‘अंबडला मशीन आहे. सैन्य देवळालीला.’’

‘‘मग तुम्ही नक्की करता काय?’’

‘‘दोन्ही.’’

मग ह्यांनी सगळं उलगडून सांगितलं, आणि माझे बर्फाचे डोंगर वितळून अंबडच्या गटारीला मिळाले. मी हसले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे अर्धवेळ सैनिक म्हणा की!’’ सगळी बैठक हसली. माझी लेकसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. जावईबापू तेवढे हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली, चमचा बशीला समांतर ठेवला आणि म्हणाले, ‘‘काकू, बोलावतात अर्धवेळ. असतो पूर्णवेळ.’’ लेकीने तिथल्या तिथे त्यांना पसंत केलं. मला मात्र पुढची कित्येक वर्षं हे वाक्य म्हणजे एक नखरा वाटत होता.

त्यांचे पूर्णवेळ असण्याचे प्रकार एकेक सांगते. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. रात्री आठला जेवायला बोलावलं की आठला बेल वाजायची. आमच्याकडच्या आठला कधीच आठ नसतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बरं, चुकून दहा मिनिटं लवकर पोचले तर आत यायचे नाहीत, फाटकाबाहेर उभे राहायचे. ताठ, हात मागे. शेजारच्या बाई एकदा धावत मागच्या दाराने आल्या. ‘‘अहो, तुमचे जावई बाहेर उभेत. काही वाजलं का दोघांचं?’’ मी म्हटलं, ‘‘नाही हो, ते आठ वाजायची वाट बघतायत.’’ कुणी हाक मारली की ‘ओ’ द्यायची नाही, ‘हजर!’ म्हणायचं. न्हाणीघरातून हजर, माळ्यावरून हजर. इतर मुलं पहिल्यांदा ‘आई’ म्हणतात, ‘बाबा’ म्हणतात. माझी नात पहिल्यांदा ‘हजल’ म्हणाली. दिवाळीला आमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा पहाटे उठून त्यांनी घरातल्या सगळ्या पांघरुणांच्या चौकोनी घड्या घातल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. त्यातलं एक पांघरूण आमच्या ह्यांच्या अंगावर होतं, एवढीच काय ती गडबड झाली.

पलंगाखाली काळी ट्रंक. लग्न झाल्यावर लेकीला वाटलं, बरं झालं, वर्षाचे गहू ठेवायची सोय झाली. तिने कडुनिंबाचा पाला घालून गहू भरलेसुद्धा. संध्याकाळी जावईबापूंनी एक अक्षर न बोलता सगळे गहू कोठीत नेऊन ओतले, ट्रंक पुसली, कपडे, मोजे, दाढीचं सामान पुन्हा होतं तसं भरलं आणि कुलूप लावलं. तिने विचारलं, ‘‘कुठे निघालात?’’ तर म्हणाले, ‘‘कुठेच नाही. निघायला लागलं तर.’’ रविवारी सकाळी सगळं नाशिक मिसळ खायला बाहेर पडतं. आमचे जावईबापू ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बुटांना पॉलिश करत बसायचे. त्या बुटांत बघून मी एकदा कुंकू नीट केलं आहे, यावरून काय ते समजा.

आणि पहाटेचं धावणं! पाठीवर वजन घेऊन धावायची सवय राहावी म्हणून ते पिशवीत कांदे भरायचे. देवळ्याहून घरचे कांदे येत, त्यातलेच. पांडवलेणीच्या पायथ्यापर्यंत ते कांदे धावत जायचे आणि धावत परत यायचे. एखाद्या दिवशी पाय दुखत असला तर वाटेत आमच्या दाराशी थांबून म्हणायचे, ‘‘आई, दोन किलो उतरवून घ्या.’’ मी आढेवेढे न घेता पदरात घ्यायची. आमच्या घरी इतका व्यायाम केलेला कांदा शिजायचा, की भाजीवाली मला विचारायची, ताई, तुम्ही कांदा घेणं का सोडलं?

नाशिक सोडून कुठे जायचं तर आधी तिथला फोन नंबर युनिटला कळवायचा, हा एक नियम. नांदगावला माझ्या पुतण्याचं लग्न होतं, तेव्हा मोबाइल एवढे आले नव्हते. जावईबापूंनी यजमानांच्या घरचा नंबर देवळालीला कळवला आणि सगळी पंगत एकीकडे जेवत असताना हे आतल्या खोलीत फोनपाशी ताट घेऊन बसले. मध्येच फोन खणाणला. हे ताडकन उभे, ‘हजर!’ पलीकडून आचारी विचारत होता, जिलबी अजून किती पाठवू? यांनी बाहेर येऊन उरलेल्या माणसांवर नजर फिरवली, आत गेले, आकडा सांगितला आणि पुन्हा जेवायला बसले. जिलबी अगदी बरोबर पुरली. बोलावणं मात्र काही आलं नाही. ते वर्षानुवर्षं आलं नव्हतं, आणि मी दर सणाला त्यावरून त्यांना छेडायची. ‘‘काय जावईबापू, सरकार विसरलं वाटतं तुम्हाला?’’ ते म्हणायचे, ‘‘विसरलं नाही, आई. राखून ठेवलंय.’’

एका वर्षी अधिक महिना नेमका त्यांच्या कॅम्पवर येऊन आदळला. कॅम्प मे-जूनमध्ये असायचा. अधिकात जावयाला वाण द्यायचं, तेहतीस अनारसे द्यायचे, दिवा द्यायचा. आणि जावई देवळालीत. घरापासून एवढंसं अंतर, पण सुट्टी नाही. मी म्हटलं, जावई येत नाही तर सासू जाते. तबकात अनारसे, वर जाळीदार रुमाल, हातात चांदीचा दिवा, आणि मी रिक्षातून थेट लष्कराच्या फाटकावर. तिथला पहारेकरी उत्तरेकडचा.

‘‘माताजी, किससे मिलना है?’’

‘‘दामाद से.’’

‘‘रैंक क्या है?’’

‘‘रँक मालूम नहीं. अधिक महिना है, दामाद सबसे ऊपर होता है.’’

तो पोरगा हसला आणि आत निरोप पाठवला. आतून उत्तर आलं, परेड संपल्यावर. मी तिथल्या निंबाखाली दिव्याला वाऱ्यापासून सांभाळत बसले. किती वेळ गेला कोण जाणे. जावईबापू आले, फाटकाच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मी गजांतून हात घालून कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी एक अनारसा खाल्ला, बाकीचे पहारेकऱ्याला आणि मागे उभ्या असलेल्या सोबत्यांना वाटून टाकले. मला राग आला. तूप काय फुकट येतं का? मी म्हटलं, ‘‘दोन महिन्यांचं हे नाटक, त्यात सासरी यायला तासभर मिळू नये?’’ ते म्हणाले, ‘‘नाटकात मिळाला असता, आई.’’ आणि वळून, पाय आपटत आत गेले. मी घरी येऊन लेकीला म्हटलं, तुझ्या नवऱ्याला विनोद कळत नाही. विनोद कुणाला कळत नव्हता, ते आता बोलून उपयोग नाही.

त्याच कॅम्पमध्ये त्यांना कुणीतरी सांगितलं, की पगारातून जो व्यवसाय कर कापतात तो सैन्यातल्या माणसांना माफ असतो, आणि राखीव दलातल्या लोकांनाही. हा कर राज्य सरकारचा. महिन्याला दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षातला सगळ्यात आखूड महिना, त्याच्यावरच जास्त ओझं का, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तर कॅम्पहून परतल्यावर पहिल्याच दिवशी जावईबापू कारखान्याच्या अकाउंटंट साहेबांपुढे जाऊन उभे राहिले. साहेब माणूस वाईट नव्हता, उगाच कुणाला खलनायक करायची मला हौस नाही. गरम पाणी पिणारा, हळू बोलणारा, कुणाशी वाद नको म्हणणारा असा गृहस्थ. पण नियमाला धरून.

‘‘तुम्ही सैनिक असता तरी कधी?’’ त्यांनी विचारलं.

‘‘आत्ता आहे.’’

‘‘आत्ता तुमच्या हातात पाना आहे.’’

‘‘हातात काय आहे ते तुम्ही विचारलं नव्हतं, साहेब.’’

साहेबांनी चष्मा पुसला, विचार केला आणि मोठ्या मनाने तोड काढली. मे आणि जून, जेव्हा तुम्ही गणवेशात असता, ते दोन महिने माफ. बाकी दहा महिने कापतो. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं. दुसरा कुणी असता तर साहेबांना चहा पाजून आला असता. जावईबापू म्हणाले, ‘‘नको.’’

‘‘अहो, पैसे मिळतायत!’’

‘‘दोन महिन्यांची माफी घेतली तर बाकीचे दहा महिने मी सैनिक नाही, हे मीच कबूल केल्यासारखं होतं. कापा तुम्ही. बाराही कापा. मी मागत राहीन.’’

आणि ते मागत राहिले. दर पगाराला हे साहेबांच्या टेबलापुढे उभे. ‘‘साहेब, कर कापलात.’’ ‘‘कापला.’’ ‘‘मला माफ आहे.’’ ‘‘दोन महिने देतो म्हटलं ना.’’ ‘‘नको.’’ ‘‘मग सही करा.’’ हे सही करायचे, पाय जुळवायचे आणि मशीनवर परत जायचे. यात ना आवाज चढायचा, ना शब्द बदलायचा. दीड वर्ष. लोक चहाची सुट्टी त्या वेळेला जुळवून घ्यायला लागले होते. मी लेकीला म्हणायची, ‘‘दोनशे रुपये मी देते दर महिन्याला, पण हे थांबव.’’ ती म्हणायची, ‘‘आई, तू दे, ते घेणार नाहीत.’’

मग कानावर आलं, की कारखान्यात फोरमनची जागा रिकामी होते आहे आणि वरचे साहेब म्हणतात, काम उत्तम आहे, पण माणूस वाद घालतो. एवढं ऐकल्यावर मी थोडीच घरात बसते? रवा भाजला, लाडू वळले, डबा भरला आणि गेले अकाउंटंट साहेबांकडे. म्हटलं, ‘‘साहेब, आमचे जावई जरा ताठ आहेत. पण घरात मोठी मी. तुमचे ते दोन महिने आम्हाला मान्य आहेत. टाका मिटवून.’’ साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं, की त्यांनी गरम पाणी बाजूला ठेवून दोन लाडू खाल्ले. पुढच्या पगारात मे-जूनचे चारशे परत जमा झाले. झालं. तीच ती रिक्षा, तोच माझा आनंद.

मला वाटलं होतं, जावईबापू येऊन भांडतील. मी उत्तरंही तयार ठेवली होती. ते आलेच नाहीत. पगाराच्या दिवशी साहेबांनी सांगितलं, ‘‘तुमच्या सासूबाई येऊन मान्य करून गेल्या,’’ तेव्हा म्हणे ते पाय न जुळवताच सही करून गेले. चहाच्या सुट्टीला जमलेली माणसं ती. त्यातल्या एकाने दुसऱ्याच दिवशी हाक मारली, ‘‘काय मे-जून, कसं काय?’’ ते नाव चिकटलं. मे-जून, जरा पाना दे. मे-जून, डबा आणला का? दुसऱ्या पहाटे आमच्या दारावरून कांदे धावले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. रविवारी मी मुद्दाम त्यांच्या ओट्यावर गेले तर वर्तमानपत्र होतं, पण ते हातात धरून वाचत बसले होते.

‘‘रागावलात का माझ्यावर?’’

‘‘नाही, आई.’’

‘‘मग बूट नाही काढले आज?’’

‘‘मे महिन्यात काढीन.’’

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आत स्वयंपाकघरात लेकीने हळूच सांगितलं, की त्यांची सैन्यातली मुदत महिनाभरात संपते आहे. पुढची मुदत हवी तर तसं सांगावं लागतं, आणि ते म्हणतात, मी नाही सांगणार. घरच्यांनीच दोन महिन्यांचा ठरवला असेल तर तेवढ्यासाठी कशाला जागा अडवायची? मी विहीणबाईंना देवळ्याला फोन लावला. वाटलं, आईचं ऐकतील. विहीणबाई अहिराणी बोलतात. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘ताई, हाऊ पयलेपासून आसाच शे. भांडस तवलग काही नई. गप बसना का मंग घाबरानं.’’ भांडतोय तोवर काळजी नाही, गप्प बसला की घाबरायचं. आणि जावईबापू गप्प बसले होते.

गंमत बघा, पोह्यांच्या दिवसापासून मला हेच हवं होतं. ट्रंकेत गहू, रविवारी मिसळ, अधिकात जावई पाटावर. सगळं मिळत होतं. आणि त्यांच्या घरात पाऊल टाकलं की वाटायचं, इथलं कुणीतरी गावाला गेलंय. तेव्हा मी ठरवलं. घोळ मी घातला, तो निस्तरणारही मीच. या खेपेला लाडू नाहीत.

मेथीच्या दोन जुड्या आणि चारशे रुपये पिशवीत टाकून मी साहेबांच्या खोलीत जाऊन बसले. नोटा टेबलावर ठेवल्या. ‘‘हे परत घ्या. बाराही महिने कापा.’’

साहेबांनी नोटा माझ्याकडे सरकवल्या. ‘‘आजी, लोक माझ्याकडे कर कमी करा म्हणून येतात. वाढवून मागणारं तुमचं पहिलं घर.’’

बावन्नाव्या वर्षी आजी! पण मी तेही गिळलं. म्हटलं, ‘‘मी बोलले ते मला बोलायचा अधिकार नव्हता. सैनिक ते, मी नव्हे.’’

‘‘असं परत घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.’’

‘‘मग पद्धत निघेपर्यंत मी बसते. तुमचं चालू द्या, माझी मेथी निवडून व्हायचीय.’’

पहिल्या दिवशी मेथी झाली. दुसऱ्या दिवशी गवार मोडली. वॉचमनने हटकलं तर साहेबच म्हणाले, बसू द्या, त्रास नाही त्यांचा. त्रास नव्हताच. मी कुणाशी बोलत नव्हते, फक्त साहेबांनी मान वर केली की मी समोर होते. वाल सोलायचा दिवस आला तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मूठभर वाल घेतले आणि सोलता सोलता म्हणाले, ‘‘मला एक सांगा, पैसे मिळत असताना हा माणूस नको का म्हणतो?’’

मी म्हटलं, ‘‘साहेब, तुम्ही फक्त सुट्टीच्याच दिवशी तुमच्या मुलांचे वडील असता का?’’

त्यांनी एक वाल सोलायला फार वेळ लावला.

पुढच्या पगाराला चहाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, ‘‘मी तुमच्या सासूबाईंना विचारलं, तुम्हाला नाही विचारलं. ते चुकलं. बाराही महिने कापले आहेत. तुमची मागणी उभी आहे, आणि आता मी ती कर खात्याला स्वतः विचारणार आहे.’’ जावईबापू म्हणाले, ‘‘ठीक आहे साहेब.’’ पाय जुळवले. पगारातून चारशे रुपये जास्त गेले म्हणून घरी पेढे आणणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. फोरमनची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली, त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. दोन दिवसांनी पहाटे दाराशी आवाज आला, ‘‘आई, दोन किलो उतरवून घ्या.’’ पायबिय काही दुखत नव्हता. मला चांगलंच कळत होतं.

मुदत वाढवून घेतली त्याला वर्षही झालं नसेल. द्राक्षबागांची ऑक्टोबरची छाटणी आटोपली होती, म्हणजे मे महिना फार लांब होता, आणि बोलावणं आलं. कामाच्या वेळेत मोबाइल लॉकरमध्ये, म्हणून निरोप कारखान्याच्या फोनवर आला, आणि तो उचलला अकाउंटंट साहेबांनी. ते स्वतः मशीनपाशी चालत गेले. म्हणे त्यांच्या तोंडून निघून गेलं, ‘‘पण मे अजून कुठे आलाय?’’ जावईबापूंनी हात पुसले. ‘‘हो ना, साहेब,’’ म्हणाले आणि मशीन बंद केलं. घरी आले, नातीचा पापा घेतला, लेकीशी आत काय बोलले ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या पाया पडले. एवढी वर्षं तोंडाची टकळी चालवणारी मी, ‘जपून’ एवढं म्हणायचं होतं, तेही राहिलं.

वर, काश्मीरकडे गेले. दोन दिवाळ्या त्यांच्याशिवाय झाल्या. बर्फाचे जे डोंगर मी हौसेने मनात रंगवले होते ते खरेच समोर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्यासारखं कुरूप काही मी जन्मात पाहिलेलं नाही. साहेब दर पगाराच्या दिवशी संध्याकाळी घरी फोन करायचे. ‘‘आजी, काही खबर?’’ एकदा म्हणाले, ‘‘कर खात्याचं उत्तर आलं. माफ आहे. बाराही महिने. ते आले की सांगतो त्यांना.’’ मी म्हटलं, ‘‘येऊ द्या आधी.’’ ‘‘येणार,’’ ते म्हणाले, आणि दोघांनीही फोन लवकर ठेवला नाही.

आले. बारीक होऊन, काळे होऊन, पण दोन्ही पायांवर आले. पहिल्या पगाराला कर कापला गेला नव्हता. मला वाटलं, आता तरी जल्लोष करतील. मी म्हटलं, ‘‘जिंकलात की हो!’’ तर म्हणाले, ‘‘जिंकायचं काय त्यात? होतंच ते. त्यांना आत्ता दिसलं.’’ त्या दिवसापासून मी त्यांना अर्धवेळ म्हणणं सोडलं. छेडणं सोडलं नाही, तेवढं मला जमणारही नाही.

गेल्या वर्षी वयाप्रमाणे त्यांची सैन्यातली सेवा संपली. देवळालीला छोटासा समारंभ झाला, मलाही नेलं होतं, आत नेलं होतं, खुर्चीवर बसवलं. कारखान्यातली नोकरी अजून चालू आहे. साहेब केव्हाच निवृत्त झाले, त्यांच्या जागी आता एक तरतरीत मुलगी कॉम्प्युटरवर सगळं करते. समारंभानंतरच्या पहिल्या पगाराच्या दिवशी संध्याकाळी जावईबापू माझ्याकडे आले. आठ वाजायचे होते, पण आज फाटकाबाहेर थांबले नाहीत. केस थोडे वाढले होते, कानावर आलेले. ओट्याच्या पायरीवर बसले, खिशातला मोबाइल काढून बाजूला पालथा ठेवला आणि म्हणाले, ‘‘या महिन्यापासून व्यवसाय कर कापला, आई.’’

मी म्हटलं, ‘‘त्या नव्या पोरीला माहीत नसेल. जाऊन सांगा ना, इतकी वर्षं माफ आहे म्हणून.’’

‘‘नाही, बरोबरच कापलाय तिने.’’

मी चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. समोरच्या गल्लीत कुणी कुणाला तरी हाक मारत होतं, तिकडे ते बघत राहिले. सत्तरीच्या शहाणपणाने मी तेच बोलले जे बावन्नाव्या वर्षी बोलले असते. म्हटलं, ‘‘जाऊ द्या हो, जावईबापू. दोनशेच तर रुपये.’’

ते म्हणाले, ‘‘दोनशेचं काही नाही, आई. आता मला कुणी बोलावणार नाही.’’